व्हिडिओत उत्तर आहे

६ जानेवारी, मंगळवार

साडेतीन तास बैठक. चहा एकदाच, तोही गार.

एकतीस वर्षं रुग्णालयात काढली, त्यातली शेवटची नऊ मेट्रन, म्हणजे साऱ्या नर्सेसची प्रमुख म्हणून. निवृत्तीनंतर सहा वर्षं या संस्थेत रुग्णसेवकांचा वर्ग घेतला. वर्ग म्हणजे एक खोली, एक पलंग, एक खुर्ची आणि वीस माणसं. कुणाचा हात कुठे चुकतोय ते मला दारातून दिसायचं. आता म्हणे खोली नको. सोळा व्हिडिओ घरी बसून पाहायचे, दर गुरुवारी चाळीस मिनिटं माझ्याशी ‘लाइव्ह’ बोलायचं आणि पाच आठवड्यांनी एकदाच केंद्रावर येऊन हातानं करून दाखवायचं, ती परीक्षा. पास झालेल्यांचं लाइव्ह त्यानंतरही महिनाभर चालू. याचं नाव मिश्र अभ्यासक्रम.

हे चालवणारे साहेब माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचे आहेत. जगातली प्रत्येक गोष्ट सहा मिनिटांत बसली पाहिजे असा त्यांचा हट्ट, म्हणून मी त्यांचं नाव ‘सहा-मिनिटे’ ठेवलंय. डिसेंबरात माझे व्हिडिओ काढले तेव्हा ते अकरा-बारा मिनिटांचे होते. यांनी कापून सहाचे केले. ‘मॅडम, एकदा पाहून घ्या आणि मान्यतेची सही करा,’ म्हणाले. मला स्वतःचं तोंड बघायची हौस नाही, आणि स्वतःचा आवाज ऐकला की मला माझी खाष्ट आत्या आठवते. जे जन्मभर हातानं केलं ते पडद्यावर पुन्हा काय बघायचं? सोळाच्या सोळांवर सही ठोकून मोकळी झाले.

एका मुद्द्यावर मात्र मी हटले नाही. चाळीस मिनिटांत साठ माणसं तेच तेच विचारत बसणार असतील तर ते माझ्याच्यानं होणार नाही. तिथल्या तिथे कागद मागून स्वतःच्या हातानं नियम लिहून दिला: ज्याचं उत्तर व्हिडिओत आहे, तो प्रश्न माझ्यापर्यंत आणायचा नाही. सहा-मिनिटे थोडे कुरकुरले, मग मान्य केलं. साडेतीन तासांत एवढं एकच शहाणपणाचं काम झालं आणि ते मी केलं.

८ जानेवारी, गुरुवार

पहिलं लाइव्ह. कानात एक यंत्र बसवतात आणि त्यातून एक मुलगी सारखी कुजबुजते. ‘मॅडम, कॅमेऱ्याकडे बघा. मॅडम, थोडं हसा. मॅडम, सात मिनिटं झाली, आता मतदान घ्यायचंय.’ लोकांचे प्रश्न लिहून येतात ते हीच वाचते, कुणी हात वर केला तर त्याचा आवाज हीच उघडते. मुलगी बरी आहे, पण तिचं तोंड मी अजून नीट पाहिलेलं नाही. मी तिला ‘कानातली’ म्हणते.

समोर एकसष्ट चौकोन. त्यातल्या चाळीसांत माणूसच नाही, नुसती अक्षरं. अंगठे, टाळ्या, हसरी तोंडं वर उडत राहतात. मी पाठीला फोड येण्याबद्दल बोलत होते आणि कुणीतरी हृदय पाठवलं. माझ्या वर्गात असं कुणी केलं असतं तर त्याला बाहेर उभं केलं असतं.

ओळखी करून घेतल्या. एक बाई लक्षात राहिली. चव्वेचाळीस वर्षांची. मोज्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं होती, कारखाना बंद पडला. एका वृद्धाश्रमानं शब्द दिलाय, प्रमाणपत्र आणा, एक मार्चपासून कामावर या. ‘दोन मुली शिकतायत, मॅडम. मला हे जमवायचंच आहे,’ म्हणाली. कॅमेरा चालू, वही उघडी, पाठ ताठ. सगळे असे असते तर या कुजबुजीचंही मला काही वाटलं नसतं.

१५ जानेवारी, गुरुवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

आजचं मतदान: एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्याल? उत्तरं दोन. कमरेला पट्टा बांधून, की बगलेत हात घालून. एकसष्टांपैकी चव्वेचाळीस जणांनी सांगितलं, बगलेत हात घालून! अरे, नववा व्हिडिओ अख्खा याच्यावर आहे ना! लुळा खांदा आधीच खोबणीत सैल असतो. बगलेतून ओढलात की तो निखळतो, आणि त्या माणसाला पुढे जन्मभर सदरा घालतानासुद्धा रडू येतं. रुग्णालयात असे खांदे मी डझनांनी पाहिलेत.

मी दहा मिनिटं झाडलं. ‘व्हिडिओ लावून भाजी चिरत होतात का?’ असंही विचारलं. नंतर पट्ट्यानं कसं करायचं ते खुर्ची ओढून भराभरा दाखवलं. एक अंगठा नाही, टाळी नाही.

फक्त एक हात वर होता. कानातली म्हणाली, ‘मोज्यांच्या कारखान्यातल्या बाई आहेत मॅडम, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओत आहे. घेऊ का?’

‘नियम काय ठरलाय आपला?’ मी म्हटलं.

‘नाही घेत,’ ती म्हणाली. मुलीला शिस्त आहे.

१८ जानेवारी, रविवार

आमच्या यांना नवीन नाद लागलाय. दुपारी आरामखुर्चीत पडून माझे व्हिडिओ बघतात. ‘छान बोलतेस गं. घरी अशी बोलत नाहीस,’ म्हणाले. मी म्हटलं, घरी मला कुणी सहा मिनिटंसुद्धा देत नाही. निवृत्त झालेल्या माणसाला करमत नाही हे मान्य, पण वर्तमानपत्रं काय संपली का?

२९ जानेवारी, गुरुवार

पुन्हा तोच हात. मोजेवाली दर गुरुवारी हात वर करते आणि दर गुरुवारी कानातली म्हणते, व्हिडिओत उत्तर आहे. मला वाईट वाटायला लागलंय. एवढी ताठ बसणारी बाई, पण डोक्यात काही शिरत नाही बहुतेक. की व्हिडिओ न बघताच नुसतं दिसावं म्हणून हात वर करते? अशीही माणसं असतात. पुढच्या बाकावर बसून वहीत फुलं काढणारी.

७ फेब्रुवारी, शनिवार

परीक्षा. अखेर खरी खोली, खरा पलंग, खरी माणसं! चार परीक्षक होतो. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची आणि जे काम निघेल ते करून दाखवायचं. पलंगावरून खुर्चीत घेणं माझ्याकडे दोघांनाच आलं. पहिला पूर्वी बसवर कंडक्टर होता. त्यानं पट्टा बांधला, जमलं.

दुसरी मोजेवाली. पलंगाशी उभी राहिली आणि मला म्हणते, ‘मॅडम, कुठल्या पद्धतीनं करू? व्हिडिओतल्या की लाइव्हमधल्या?’

परीक्षकालाच परीक्षेत कोड्यात टाकायचं! मी म्हटलं, ‘दोन पद्धती नसतात. जशी शिकवली तशी करा.’

‘मान्यता तर व्हिडिओला आहे,’ ती स्वतःशीच पुटपुटली. मग वाकली आणि दोन्ही बगलांत हात घालून रुग्ण म्हणून बसवलेल्या माणसाला उचललं. अगदी सफाईदार, जणू शंभर वेळा केलंय. मी ‘थांबा’ म्हणून ओरडले तेव्हा तो खुर्चीत टेकला होता आणि तिचे हात हवेतच राहिले.

‘मॅडम, तुम्हीच व्हिडिओत…’

‘माझ्या तोंडावर माझंच नाव सांगताय?’ मी म्हटलं. ‘चार आठवडे दर गुरुवारी हात वर करायचा आणि एकदाही व्हिडिओ नीट बघायचा नाही. तुमच्यासारख्यांच्या हातात मी कुणाचा बाप देणार नाही.’

शेऱ्यात लिहिलं: नापास. ऐकण्याची वृत्ती नाही. ती रडली नाही. पिशवी घेतली, पलंगावरची चादर नीट केली आणि गेली. एक तारखेचं तिचं काम हुकणार हे मला माहीत होतं. तरी मी बरोबरच केलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बरोबरच केलं. नोकरी कुणाला नको असते? पण खांदा निखळलेल्या म्हाताऱ्याला कुणी विचारतं का, की बाबा, यांना नोकरीची गरज होती, तुझं चालेल ना? दया करायची तर रुग्णावर करावी. हे मी गेले तीन दिवस यांना सांगतेय. आज म्हणाले, ‘मी काहीच म्हटलं नाहीये.’ मग असे बघतात कशाला?

१५ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू? लिहायलाच हवं.

सकाळी खालच्या फळीतले डबे काढायला जमिनीवर बसले आणि गुडघा अडकला. उठता येईना. हाक मारली. हे धावत आले, म्हणाले, ‘थांब, मला येतं,’ आणि मागे उभे राहून माझ्या दोन्ही बगलांत हात घालून मला वर ओढलं. डाव्या खांद्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

‘अहो, काय करताय! कुणी सांगितलं असं करायला?’

‘तूच,’ हे म्हणाले. ‘नववा व्हिडिओ. मी तीनदा पाहिलाय.’

भांडायलाच फोन हातात घेतला. स्वतःचं तोंड पाहिलं, आत्याचा आवाज ऐकला. ती पडद्यावरची बाई ठणकावून म्हणते, ‘आता नीट पाहा.’ पलंगावरच्या माणसाच्या बगलांत हात घालते. मध्ये डोळा लवावा एवढी एक झटक्याची जागा आहे. मग तो माणूस खुर्चीत बसलेला, आणि बाई म्हणते, ‘हे असं. याच पद्धतीनं, दर वेळी.’

मी आधी चुकीचं करून दाखवलं होतं. माझी तीच पद्धत आहे. खोलीतही मी तसंच करायची, म्हणजे लोक आपली चूक ओळखतात. मग मी म्हटलं होतं, ‘हे कधीही करायचं नाही, मरेपर्यंत नाही,’ आणि मग पट्टा घेऊन बरोबर करून दाखवलं होतं. ती मधली सगळी मिनिटं कापली गेलीत. चुकीची सुरुवात आणि बरोबरचा शेवट जोडलाय. तळाशी लिहिलंय: मान्यताप्राप्त.

मी चार वेळा बघितला. हे शेजारी बसून होते. मोजेवालीनं केलं ते हुबेहूब हेच होतं, हातांची बोटंसुद्धा माझ्यासारखी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेनऊला सहा-मिनिटेंच्या टेबलासमोर उभी. ‘हे काय केलंत तुम्ही? कुठल्या गाढवानं हे कापलं?’ मजल्यावरची सगळी डोकी वर झाली.

त्यांनी आवाज न चढवता सोळा सह्यांचा कागद काढला. नवव्या ओळीवर माझी सही, शेजारी ‘पाहिले’ अशी खूण. खूणही मीच केलेली. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी सही माझीच.

मग कानातलीवर घसरले. ‘अगं, एकालाही कसा प्रश्न पडला नाही?’ तिनं पडदा माझ्याकडे वळवला. न पाठवलेल्या प्रश्नांची यादी. मोजेवालीचा प्रश्न चार वेळा. पहिल्यांदा: ‘व्हिडिओत मॅडम बगलेत हात घालतात, लाइव्हमध्ये नको म्हणतात. मी कसं करू?’ दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा: ‘कृपया मॅडमना विचारा, पेशंटला इजा होईल का?’ चौथ्यांदा: ‘मॅडमना एकदा त्यांचा नववा व्हिडिओ दाखवाल का?’ चारही ठिकाणी पुढे शेरा: व्हिडिओत उत्तर आहे.

‘मी विचारलं होतं मॅडम, घेऊ का म्हणून,’ मुलगी म्हणाली. तिच्या टेबलापाशी भिंतीवर माझ्या अक्षरातला नियम चिकटवलेला होता.

सहा-मिनिटे म्हणतात, रात्रीतून व्हिडिओ बदलून टाकू, बोभाटा नको. मोजेवालीचा निकाल यंत्रात बंद झालाय, आता पुढची परीक्षा मे महिन्यात. नापास म्हणून तिचं लाइव्हचं नावही काढून टाकलंय. मी म्हटलं, मग तो निकाल उघडा. म्हणाले, तशी सोय नाही. चूक करायची सोय आहे आणि दुरुस्त करायची नाही, असलं यंत्र कुणी घेतलं? की तेही माझ्याच सहीनं आलंय?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लाइव्ह. विषय होता रुग्णाला भरवणं. मी म्हटलं, भरवणं पुढच्या गुरुवारी. मग कानातलीला हाक मारली, ‘ये इकडे, पलंगावर बस. तुझी डावी बाजू लुळी आहे असं समज.’ ती बिचारी आली. पहिल्यांदाच तिचं तोंड नीट पाहिलं. नाकावर तीळ आहे.

सगळ्यांना सांगितलं: नववा व्हिडिओ चूक आहे. मी न बघता सही केली. तुम्ही चव्वेचाळीस जणांनी मी शिकवलं तेच सांगितलंत आणि मी तुम्हाला भाजी चिरण्यावरून बोलले. ज्या बाईंना हे दिसलं, ज्यांनी चार वेळा विचारलं, त्यांना मी नापास केलं.

कानात सहा-मिनिटे ओरडायला लागले, ‘बंद करा, कुणीतरी बंद करा!’ पण बंद करायचं बटण जिच्याकडे असतं ती माझ्यासमोर पलंगावर लुळी होऊन बसली होती. तिनं मला हळूच विचारलं, ‘मॅडम, उठू का?’ मी म्हटलं, ‘लुळं माणूस आपणहून उठतं का?’ तिला हसू आलं. ती बसून राहिली. मी पट्टा बांधून तिला खुर्चीत घेतलं. परत पलंगावर, परत खुर्चीत. सात वेळा. मग प्रश्न घेतले, सगळेच्या सगळे, व्हिडिओत उत्तर असलेलेसुद्धा. एक तास दहा मिनिटं झाली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कानातलीनं मोजेवालीचा पत्ता दिला. तिसरा मजला, जिन्यात दिवा नाही, गुडघ्याची पूर्ण वाट लागली. दार तिनंच उघडलं. आत बस म्हणाली नाही.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. माफ कर म्हटलं. हे शब्द शेवटचे कधी उच्चारले होते ते आठवत नाही.

‘चार वेळा विचारलं मी,’ ती म्हणाली. ‘परीक्षेतही विचारलं. कारखान्यात यंत्र चुकीचा टाका घालायला लागलं की आम्ही पहिल्या मोज्याला थांबवायचो. हजार मोजे काढून मग बघत नव्हतो. तुमच्याकडे थांबवायचं कुणाला, तेच कळेना.’

‘ओरडायचं होतंस.’

‘कसं ओरडणार? आवाज तुमच्याकडून बंद होता.’

जिन्यात कुणीतरी बादली घेऊन वर गेलं, त्याला वाट दिली. मग म्हटलं, ‘तो वृद्धाश्रम कुठेय? सोमवारी चल माझ्याबरोबर.’

‘प्रमाणपत्र नाही ना.’

‘मी आहे ना.’

‘तुम्ही होतातच की,’ ती म्हणाली. पण मग तिनं विचारलं, किती वाजता.

२३ फेब्रुवारी, सोमवार

वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक भला माणूस. माझं ऐकून घेतलं. म्हणाला, ‘कागद नसेल तर नसू दे, काम दाखवा.’ आम्हाला आतल्या खोलीत नेलं. दोन पलंग, खिडकीत एक कोमेजलेली कुंडी, आणि एका पलंगावर एक आजोबा, डावा हात मांडीवर परका असल्यासारखा पडलेला. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे.

त्यांच्याजवळ एक तरुण सेविका होती. मला बघून तिनं दोन्ही हात तोंडावर नेले. ‘अय्या, मॅडम! खरंच तुम्ही?’ माझ्याच वर्गातली. दुसऱ्या परीक्षकाकडे, दुसऱ्याच कामाची चिठ्ठी निघून पास झालेली, नऊ तारखेपासून कामावर. पट्ट्याचं ते पहिलं लाइव्ह तिचं हुकलेलं. पास झाल्यावर लाइव्ह कोण बघतं, ड्यूटी असते. तिच्या तोंडावर नुसता आनंद. ‘बघा हं मॅडम, अगदी तुमच्यासारखं करते,’ म्हणाली आणि आजोबांच्या बगलेत हात घालायला वाकली.

मी काही बोलायच्या आत मोजेवाली मध्ये गेली. ‘थांब गं, ताई. आज मी करते,’ म्हणाली. आजोबांसमोर बसली. ‘आजोबा, जोर कुठल्या बाजूला आहे? उजव्या? मग खुर्ची उजवीकडे घेऊ.’ तिनं पट्टा स्वतःच्या पिशवीतून काढला. घरी जुन्या मोज्यांच्या कापडाचा शिवलेला, दुहेरी टाक्याचा. तो कमरेला बांधला, त्यांचे पाय जमिनीवर टेकवले, आपला गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला लावला. ‘पुढे वाका. अजून. माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघा. एक, दोन, तीन.’ आजोबा उभे राहिले, वळले, बसले. मला सांगण्यासारखं काही नव्हतंच.

आजोबांनी डाव्या खांद्याकडे बघितलं. मग मोजेवालीकडे. म्हणाले, ‘आज दुखलं नाही.’

पोरीचा चेहरा पडला. ‘म्हणजे रोज दुखत होतं? पंधरा दिवस? मग आजोबा, बोलला का नाहीत?’

‘तू शिकलेली,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं, असंच असतं.’

ती माझ्याकडे बघायला लागली. व्यवस्थापकही. मोजेवाली मात्र पट्टा सोडण्यात गुंतली होती, तिनं मान वर केली नाही. मी अडकल्या गुडघ्यानिशी आजोबांसमोर खाली बसले. सांगितलं, तिची चूक नाही. तिनं माझ्याकडून पाहिलं. तुमचा खांदा मी दुखवलाय.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं वर्ग घेतलेल्या माणसाची नजर ती, मी ओळखते. मग उजव्या हातानं त्या पोरीला जवळ बोलावलं.

‘मग हिला परत शिकवा,’ मला म्हणाले. ‘इथेच, आत्ता. मला पलंगावर घ्या आणि पुन्हा उठवा. मी सांगत जाईन, दुखतं की नाही ते.’